फूल, पीस आणि लोकर

१

खेळाच्या इतिहासात खेळाडूंची नावे राहतात, विजयांची वर्षे राहतात, कधीकधी मैदानांच्या आठवणीही राहतात. ज्या वस्तूला मारून हे सारे घडते, ती वस्तू मात्र इतिहासकाराच्या नजरेतून सहसा निसटते. तिचे आयुष्य अल्प असते आणि तिची जागा घेणारी दुसरी वस्तू तयारच असते. बॅडमिंटनच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष अन्यायाची ठरते. या खेळाचे वळण, त्याची जागा आणि तो खेळणाऱ्यांचा वर्ग या तिन्ही गोष्टी ठरवण्यात त्या हलक्या, पांढऱ्या, शंकूच्या आकाराच्या वस्तूचा वाटा फार मोठा आहे.

मराठीत या वस्तूला 'फूल' म्हणतात. 'शटल' हा शब्द रुळल्यानंतरही जुन्या पिढीच्या तोंडून 'फूल'च येते, आणि ते समर्पकही आहे. बुचाच्या देठावर पाकळ्यांसारखी मांडलेली पिसे पाहिली की दुसरे नाव सुचणे अवघड. तमिळ भाषेने मात्र हीच दोन द्रव्ये निराळ्या रीतीने वाटून घेतली. तिथे बॅडमिंटनला 'इरगुप्पंदु', म्हणजे पिसाचा चेंडू, असे नाव आहे. आणि लोकरीच्या चेंडूने खेळल्या जाणाऱ्या बॉल बॅडमिंटनला 'पूप्पंदु', म्हणजे फुलांचा चेंडू, असे म्हणतात. मराठीने पिसाला फूल मानले, तमिळने लोकरीला. इतर भाषांनीही या खेळाला नाव देताना पिसाकडेच पाहिले. जर्मनमध्ये तो 'पिसाचा चेंडू' आहे, चिनी नावातही पीस आहे, आणि इंडोनेशियातील 'बुलुतांगकिस' या शब्दाचा अर्थ 'पीस परतवणे' असा होतो. केवळ इंग्रजी नाव एका सरदाराच्या वाड्यावरून आले. ते वगळले, तर जगातील बऱ्याच भाषांच्या लेखी हा पिसाचाच खेळ आहे.

म्हणूनच पिसाच्या जागी दुसरे द्रव्य आणण्याचा जेव्हा जेव्हा प्रयत्न झाला, तेव्हा केवळ साधन बदलले असे झाले नाही. प्रत्येक वेळी खेळाचा कोणता भाग त्याचे सत्त्व आहे आणि कोणता केवळ सवय आहे, हा प्रश्न नव्याने उभा राहिला. या प्रश्नाचा भारतातील इतिहास पुणे आणि तंजावर या दोन ठिकाणांपासून सुरू होतो, आणि योगायोगाची गोष्ट अशी की ही दोन्ही नगरे मराठ्यांच्या इतिहासाशी बांधलेली आहेत.

२

पिसे लावलेली वस्तू हवेत उडवीत ठेवणे ही करमणूक पुरातन आहे. चीनमध्ये ती पायाने खेळली जाई. जपानमध्ये नववर्षाच्या सणात मुली लाकडी फळीने जे पीस उडवीत, त्याच्या तळाशी रिठ्याची बी बसवलेली असे. इंग्लंडमध्ये 'बॅटलडोर आणि शटलकॉक' हा मुलांचा खेळ शतकानुशतके चालू होता. या सगळ्यांत जाळे नव्हते, आखीव मैदान नव्हते आणि बहुधा प्रतिस्पर्धीही नव्हता. वस्तू जमिनीवर पडू न देणे एवढाच त्यांचा हेतू. सहकार्याच्या या करमणुकीचे स्पर्धेत रूपांतर झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यात हिंदुस्थानातील इंग्रजी छावण्यांचा वाटा निर्णायक होता.

पुण्याच्या छावणीत हा खेळ इतका रुजला की काही काळ त्याला 'पूना' याच नावाने ओळखले जाई. त्याच्या नियमांचा पहिला आराखडा पुण्यात तयार झाला, आणि त्याचे साल सामान्यतः १८७३ असे दिले जाते. रजेवर किंवा निवृत्त होऊन मायदेशी परतलेल्या अधिकाऱ्यांनी तो सोबत नेला. १८७५ च्या सुमारास फोकस्टन येथे क्लब स्थापन झाला होता. ग्लॉस्टरशायरमधील ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाऊस या निवासस्थानावरून त्याला इंग्लंडमध्ये कायमचे नाव मिळाले आणि 'पूना' हे नाव मागे पडले. पुढे १८८७ मध्ये बाथ येथील हार्ट यांनी नियमांची फेरमांडणी केली, १८९३ मध्ये इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली, आणि १८९९ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली. १९०१ पर्यंत मैदानाचा आकार वाळूच्या घड्याळासारखा, जाळ्यापाशी निमुळता होता. तो त्या साली आयताकृती झाला.

छावणीतील हा खेळ उघड्यावरचा होता, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. बंगल्यापुढचे अंगण, क्लबाची हिरवळ, कवायतीच्या मैदानाचा कोपरा या त्याच्या जागा होत्या. पण पीस आणि वारा यांचे वैर जुने आहे. जी वस्तू हवेच्या अवरोधावरच उडते, तिला वाऱ्याची एक झुळूकही पुरते. म्हणून त्या काळी फुलावर रबराचे लेपन करीत आणि उघड्यावर खेळताना त्यात शिसेही भरीत. पिसाला जड करण्याची ही धडपड पुढील दीडशे वर्षांच्या एका मोठ्या प्रश्नाची पहिली खूण होय. फुलाला परिस्थितीशी जुळवून घ्यायचे, की परिस्थितीच फुलाला अनुकूल करायची? इंग्लंडने दुसरा मार्ग निवडला. तिथल्या थंड व पावसाळी हवेत खेळ छताखाली गेला आणि भिंतींनी वारा अडवला. पिसाचे राज्य त्या भिंतींच्या आत सुरक्षित झाले.

३

दक्षिणेत याच प्रश्नाचे उत्तर वेगळे निघाले. तंजावर हे चोळांचे व नायकांचे नगर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्याकडे आले, आणि पुढे पावणेदोनशे वर्षे कावेरीच्या मुखाकडील या प्रदेशावर भोसल्यांचा अंमल राहिला. सरफोजी दुसरे यांच्या काळात सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट झाली, आणि बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुत्राविना निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. वाडा राहिला, ग्रंथालय राहिले, मराठी बोलणारी कुटुंबे राहिली. राज्य तेवढे गेले.

बॉल बॅडमिंटनची परंपरा आपला आरंभ याच राजघराण्याशी जोडते आणि त्यासाठी १८५६ हे साल सांगते. लोकरीचा चेंडू, तातीने विणलेली रॅकेट, मधे जाळे आणि उघडी जमीन एवढेच साहित्य. दक्षिणेतील इंग्रजांनीही हा चेंडू आपलासा केला. आरंभी पिसाचे फूल आणि लोकरीचा चेंडू हे एकाच खेळाचे दोन पर्याय मानले जात. हवा शांत असली की पीस काढायचे आणि वारा सुटला किंवा ओल आली की लोकर घ्यायची, अशी ती सोय होती. किनाऱ्याजवळच्या सपाट मुलखात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा ही नित्याची गोष्ट असल्याने लोकरीला काम भरपूर मिळाले.

सोय म्हणून आलेली वस्तू हळूहळू स्वतंत्र खेळाची धनी झाली. लोकरीच्या चेंडूचे वजन २७ ते ३० ग्रॅम, म्हणजे पिसाच्या फुलाच्या पाच-सहा पट. तो पिवळा असतो व त्याचा व्यास ५ ते ५.५ सेंटिमीटर असतो. फूल फटक्यानंतर हवेतच दम टाकते, तसा हा चेंडू टाकत नाही. तो दूर जातो. म्हणून मैदान मोठे, २४ मीटर लांब व १२ मीटर रुंद झाले, आणि प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आले. जमीन मातीची, वर आकाश. गावातील शाळेच्या आवारात चार रेघा आखल्या की मैदान तयार होई. त्यामुळे हा खेळ क्लबांच्या आश्रयावाचून तमिळ, तेलुगू आणि कन्नड प्रदेशांतील खेड्यापाड्यांत पसरला. १९५४ मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९७० मध्ये आंध्रचे जे. पिचय्या यांना या खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला.

तंजावरच्या राजवाड्यातील करमणूक खेड्यातील शाळेच्या आवारात पोचली, आणि पुण्याच्या छावणीतील उघड्यावरचा खेळ बंदिस्त सभागृहात गेला. दोन्ही प्रवासांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत आणि दोन्हींचे कारण एकच आहे: खेळणाऱ्यांनी हाती घेतलेले द्रव्य. लोकरीने वाऱ्याशी तडजोड केली म्हणून तिला भिंती लागल्या नाहीत. भिंती लागल्या नाहीत म्हणून पैसाही फारसा लागला नाही.

४

पिसाच्या फुलाची घडण पाहिली म्हणजे त्याचा हट्ट आणि त्याची किंमत या दोन्हींचा उलगडा होतो. त्यात १६ पिसे असतात, आणि ती हंसाची किंवा बदकाची असतात. उत्तम फुलासाठी पंखांतील मोजकीच पिसे चालतात, आणि एका फुलातील सर्व पिसे एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात. डाव्या व उजव्या पंखांतील पिसांची वक्रता उलट असते, त्यांची मिसळ केली तर फूल नीट फिरत नाही. पिसे धुऊन, पांढरी करून, वाळवून, वक्रतेनुसार व जाडीनुसार निवडली जातात, कापून एका मापाची केली जातात, आणि पातळ चामड्याने मढवलेल्या बुचात भोके पाडून एकावर एक चढती अशी बसवली जातात. नंतर त्यांच्या दांड्या दोऱ्याने दोन ठिकाणी बांधून त्यावर सरस चढवतात. हे सारे झाल्यावर फुलाचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम यांच्या दरम्यान भरावे लागते. जुन्या मापात सांगायचे तर सव्वापाच माशांच्या आसपास, अर्ध्या तोळ्याहून कमी. नियमपुस्तकातील हे अवघड दशांश ७३ ते ८५ या 'ग्रेन' मापाच्या मर्यादांचे रूपांतर आहे. आजही पुष्कळ नळ्यांवर ७५, ७६, ७७ असे जे आकडे असतात ते त्याच ग्रेनांचे वंशज होत.

अशा घडणीमुळे फुलाला जे उड्डाण लाभते, ते दुसऱ्या कोणत्याही खेळातील वस्तूला नाही. जड बूच नेहमी पुढे राहते. फटका बसताच फूल क्षणार्धात वळून बुचाच्या दिशेने प्रवास करू लागते. पिसांच्या एकाच बाजूला झुकलेल्या मांडणीमुळे ते स्वतःभोवती फिरते. त्याचा आरंभीचा वेग विलक्षण असतो. भारताच्या सात्विकसाईराज रांकिरेड्डी याने २०२३ मध्ये जपानमधील चाचणीत मारलेल्या फटक्यात फुलाचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. पण हाच वेग काही मीटरांत ओसरतो, आणि उंचावरून सरळ खाली येणारे फूल सेकंदाला सुमारे ७ मीटरांहून अधिक वेग धरीत नाही. त्यामुळे त्याची वाट चेंडूच्या वाटेसारखी समतोल कमान होत नाही. ती लांब चढून अखेरीस एकदम खाली कोसळते. बॅडमिंटनमधील सारी चतुराई वेग आणि मंदपणा यांच्या या अंतरात वसलेली आहे.

हवेवर एवढे अवलंबून असलेल्या वस्तूला हवामानाची नोंद घ्यावीच लागते. उष्ण हवा विरळ असते, उंचावरची हवाही विरळ असते, आणि विरळ हवेत फूल लांब जाते. म्हणून समुद्रसपाटीवरील पण तापलेल्या चेन्नईत, किंवा साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवरील पुण्यात, थंड देशांतील फुलापेक्षा मंद फूल घ्यावे लागते. कोरड्या हवेत पिसे ठिसूळ होऊन लवकर तुटतात, म्हणून खेळाआधी नळीला वाफ देण्याची रीत पडली. फूल योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी नियमाने सांगितलेली कसोटीही हवेशी जोडलेली आहे. खेळाडूने मागच्या रेषेवरून खालच्या हाताने पूर्ण ताकदीने फटका मारावा, आणि फूल पलीकडच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटर अंतरात पडावे. ते कारखान्यात अचूक ठरले, तरी खेळाच्या जागी पुन्हा तपासावे लागते.

५

पिसाच्या या संवेदनशीलतेतून एका विशिष्ट प्रकारचे कौशल्य जन्माला आले, आणि महाराष्ट्राला त्याचे उत्तम दर्शन घडले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुणे-मुंबईच्या जिमखान्यांतून हा खेळ भारतीयांच्या हाती आला. १९३४ मध्ये भारतीय बॅडमिंटन संघटना स्थापन झाली. पुण्याचे क्रिकेटपटू दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही कन्यांनी या खेळात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले. मराठी मध्यमवर्गीय घरातील मुलींनी मैदानात उतरून देशाची अजिंक्यपदे जिंकावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. छताखालचा, शरीराचा शरीराशी संपर्क न येणारा हा खेळ स्त्रियांना तुलनेने लवकर खुला झाला, हेही बंदिस्त सभागृहाचेच एक फळ मानता येईल.

नंदू नाटेकर यांचा जन्म १९३३ मध्ये सांगलीचा. तरुणपणी ते टेनिसही खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत मद्रासच्या रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभव झाल्यावर त्यांनी बॅडमिंटनकडे पूर्ण लक्ष वळवले, आणि १९५३ मध्ये ते राष्ट्रीय विजेते झाले. एकेरीचे हे पद त्यांनी एकंदर सहा वेळा मिळवले. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथील सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश होता. २०२१ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

नाटेकरांची ख्याती ताकदीसाठी नव्हती, ती मनगटासाठी होती. जाळ्यालगत फूल अलगद सोडणे, एकाच हालचालीतून दोन दिशांची शक्यता अखेरपर्यंत राखणे, प्रतिस्पर्ध्याला धावायला लावून स्वतः मात्र निवांत दिसणे, हे त्यांच्या खेळाचे विशेष सांगितले जातात. अशा खेळाला हवे असते ते फटक्यातील सूक्ष्म फरक ओळखणारे फूल. रॅकेटची तात पिसांना किंचित तिरपी लागली तर फूल कोलांट्या घेत जाळे ओलांडते, आणि त्या कोलांट्या संपेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला नीट फटका मारता येत नाही. १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकणाऱ्या प्रकाश पदुकोण यांचा खेळही याच जातीचा होता. पिसाला केवळ परंपरेपोटी जवळ करणारे लोक असतीलही. पण पिसाच्या बाजूने खरा युक्तिवाद या खेळाडूंच्या मनगटांनी केला आहे.

या युक्तिवादाची दुसरी बाजूही आहे. पिसाचे फूल लवकर मोडते. मोठ्या सामन्यात डझन-दीड डझन फुले लागणे नवलाचे नसते, आणि सराव तर सामन्याहून अधिक फुले खातो. ज्याला रोज नवी फुले परवडतात त्याचेच मनगट तयार होते. जिमखान्याच्या भिंतींनी वारा अडवला तसे ऐपत नसलेल्यांनाही बाहेर ठेवले.

६

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये विल्यम कार्लटन यांनी प्लास्टिकचे फूल बाजारात आणले. पुढे नायलॉनचा घेर आणि बुचाचे बूड अशी त्याची घडण स्थिर झाली. एकाच साच्यातून निघणारा, जाळीदार, न तुटणारा हा घेर अनेक पिसांच्या फुलांइतका टिकतो. त्याच्या बुडाभोवती हिरवी, निळी किंवा लाल पट्टी असते. हिरवी मंद, निळी मध्यम आणि लाल वेगवान फुलाची खूण. ग्रेनांचे आकडे सामान्य ग्राहकाला कळत नव्हते, रंग कोणालाही कळतात. शाळा, वसाहती, कार्यालयांचे क्लब, लग्नघराच्या मागची मोकळी जागा, इतक्या ठिकाणी बॅडमिंटन पोचले ते या फुलामुळे. भारतातील बहुसंख्य लोकांच्या हाती आलेले पहिले फूल नायलॉनचे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

तरीही स्पर्धेच्या खेळाने त्याला आपले मानले नाही, आणि यामागे केवळ प्रतिष्ठेची भावना नव्हती. वातबोगद्यातील प्रयोगांनी खेळाडूंच्या तक्रारीला आधार दिला आहे. पिसांच्या दांड्यांमधील फटींतून हवा वाहते आणि त्यामुळे अवरोध वाढतो. पिसे ताठ असल्याने मोठ्या वेगातही घेर आपला आकार बऱ्याच अंशी टिकवतो. नायलॉनचा घेर जोरदार फटक्याने आक्रसतो. आक्रसला की अवरोध घटतो, आणि फूल अपेक्षेहून वेगळे वागते. जाळ्यालगतच्या कोलांट्याही त्याला पिसासारख्या साधत नाहीत. नायलॉनवर शिकलेल्या मुलाला पिसाकडे वळताना अंतराचा आणि वेळेचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. ज्या मुलांपर्यंत खेळ नायलॉनमुळे पोचला, त्यांनाच पुढे याच नायलॉनची अडचण झाली, हा या इतिहासातील कठीण पेच आहे.

नियमपुस्तकाची भूमिका इथे उद्बोधक ठरते. फूल नैसर्गिक किंवा कृत्रिम कोणत्याही द्रव्याचे असू शकते, असे नियम म्हणतो. कृत्रिम द्रव्याचे विशिष्ट गुरुत्व निराळे असते म्हणून वजनमापांत दहा टक्क्यांपर्यंतची सूटही देतो. पण द्रव्य कोणतेही असले तरी उड्डाण मात्र चामड्याने मढवलेल्या बुचातील पिसांच्या फुलासारखे असावे, अशी त्याची अट आहे. कृत्रिमाला प्रवेश आहे, परंतु नैसर्गिकाच्या मापाने. लोकरीच्या चेंडूला ही अट कधीच लागू झाली नाही, कारण त्याने पिसाशी साम्य सांगितलेच नाही. त्याने आपला वेगळा खेळ घडवला. नायलॉनने पिसासारखे होण्याचे वचन दिले आणि ते पुरते पाळता न आल्याने ते कायम दुय्यम ठरले.

७

चेन्नईचे अण्णा नगर हे या तिन्ही द्रव्यांचा इतिहास एकत्र पाहण्याजोगे ठिकाण आहे. नडुवक्करै नावाच्या गावाच्या शिवारात १९६८ मध्ये जागतिक व्यापार मेळा भरला. त्याची खूण म्हणून उभारलेला विश्वेश्वरय्या मनोरा आजही तिथल्या उद्यानात आहे. त्यानंतर तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने तिथे रुंद, सरळ रस्त्यांची वसाहत आखली, आणि सी. एन. अण्णादुरै यांचे नाव तिला मिळाले. उत्तरेकडे थोड्याच अंतरावर १९५५ मध्ये सुरू झालेला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. या कारखान्याने आणि दक्षिण रेल्वेने बॉल बॅडमिंटनचे बलवान संघ बाळगले. खेड्यातील शाळेच्या आवारात लोकरीचा चेंडू मारायला शिकलेल्या तरुणाला रेल्वेची नोकरी मिळणे, हा तमिळ प्रदेशातील या खेळाचा मोठा आधार होता.

अण्णा नगरसारख्या आखीव मध्यमवर्गीय वसाहतीत मात्र काळाच्या ओघात पारडे बदलले. मोकळ्या जागा बांधकामाखाली गेल्या. जिथे मातीचे मोठे मैदान मिळेना, तिथे ताशी भाड्याने मिळणारे, पत्र्याच्या उंच छपराखालचे बॅडमिंटनचे सभागृह परवडू लागले. लोकरीच्या चेंडूला दहा माणसे आणि २४ मीटरांची जमीन लागते. फुलाला दोन माणसे आणि १३.४० मीटर पुरतात. दाट वस्तीच्या नगरात हा हिशेब निर्णायक असतो. सायना नेहवाल व पी. व्ही. सिंधू यांच्या ऑलिंपिक पदकांनंतर मुलांना प्रशिक्षणाला घालणाऱ्या पालकांची संख्या भारतभर वाढली, आणि चेन्नईही त्याला अपवाद नव्हती. पूर्वी जिमखान्याच्या सभासदत्वाने जी सीमा आखली होती, ती आता ताशी भाडे, शिकवणीचे शुल्क आणि फुलांच्या नळीची किंमत यांनी आखली जाते.

तंजावरकडची जी मराठी कुटुंबे मद्रासेत येऊन स्थिरावली, त्यांच्या बोलीत तमिळ आणि जुनी मराठी यांचे मिश्रण झाले. त्यांच्या पूर्वजांच्या नगरीत ज्या खेळाचा उगम सांगितला जातो, तो पूप्पंदु आज तमिळ खेळ म्हणूनच ओळखला जातो. तेही योग्यच आहे. ज्या मातीत खेळ खेळला गेला, त्या मातीचा तो होतो. पुण्यात नियम लाभलेला खेळही जगभर इंग्लंडचा किंवा मलाया-इंडोनेशियाचा म्हणून ओळखला गेला.

८

एकविसाव्या शतकात पिसाची बाजू एका अनपेक्षित दिशेने दुबळी झाली. जगातील उत्तम फुलांची पिसे मुख्यतः चीनमध्ये खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या बदकांपासून व हंसांपासून मिळतात. म्हणजे खेळाचे भवितव्य दूरदेशीच्या जेवणाच्या ताटाशी बांधलेले आहे. २०२४-२५ मध्ये चीनमध्ये पाणपक्ष्यांचे पालन घटले, पिसांचा तुटवडा झाला, फुलांचे भाव भडकले आणि प्रशिक्षणकेंद्रांना नळ्या मोजून वापराव्या लागल्या. पक्ष्यांच्या वेदनेचा प्रश्न विचारणारेही वाढले आहेत. जागतिक महासंघाने याआधीच पर्यायाची तयारी केली होती. कृत्रिम पिसे एकेक करून बसवलेली, नायलॉनच्या सलग घेराहून निराळी अशी फुले २०१९ मध्ये काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरून पाहण्यात आली, आणि मान्यताप्राप्त कृत्रिम फुले २०२१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरण्यास परवानगी देण्यात आली. परवानगी मिळाली तरी मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांनी पिसाची साथ लगेच सोडली नाही.

या घडामोडींत एका गावाचा विचार सहसा होत नाही. पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया परिसरात पिढ्यान्‌पिढ्या हाताने फुले बनवली जातात. पिसे धुणारे, निवडणारे, कापणारे, बुचात बसवणारे आणि दोरा गुंडाळणारे हात वेगवेगळे असतात. बोटांनीच पिसाची जाडी ओळखण्याची ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. नायलॉनने या कारागिरांची शाळा-वसाहतींमधली बाजारपेठ नेली, आणि आयात केलेल्या पिसांच्या फुलांनी स्पर्धांमधली. कृत्रिम पिसांचे फूल यशस्वी झाले, तर ते कारखान्यातील यंत्राचे यश असेल. त्यात या हातांना जागा असेलच असे नाही. पक्ष्यांवरील दया आणि कारागिरांवरील दया या दोन्ही एकाच वेळी पाळता येतील अशी वाट अजून कोणी दाखवलेली नाही.

कृत्रिम फूल पिसासारखे उडते का, या एकाच प्रश्नाभोवती हा वाद आजवर फिरत राहिला. इतिहास मात्र आणखी एक प्रश्न पुढे ठेवतो. द्रव्य बदलले की खेळणाऱ्यांचा समाजही बदलतो. पिसाने कौशल्याची परिसीमा दाखवली आणि दार अरुंद ठेवले. नायलॉनने दार उघडले, पण आतल्या दालनापर्यंत नेले नाही. लोकरीने वेगळेच घर बांधले, आणि खेड्यातील मुलाला त्यात बरोबरीची जागा दिली. नव्या कृत्रिम पिसाचे मूल्यमापन वातबोगद्यातील आलेखावर जसे होईल, तसेच ते शिकाऊ मुलाच्या पहिल्या वर्षावरही झाले पाहिजे. त्याला रोज पुरेशी फुले मिळतील का, आणि ज्या फुलावर तो शिकेल त्याच फुलावर त्याला पुढे स्पर्धेत खेळता येईल का? या दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर फुलात पीस नसल्याची खंत फार काळ टिकणार नाही. ते नकारार्थी राहिले, तर द्रव्य बदलूनही पुण्याच्या छावणीतील कुंपण आपल्या जागी कायम राहील.